सहासष्ट नंबरचा शर्ट

या महिन्याच्या टपालात क्रिकेटचं एकही पत्र नाही. तिन्ही पत्रं फुटबॉलची आणि तिन्हींत रडगाणं एकच: आपलं म्हणून धरलं ते सोडून गेलं. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा देतोय, कारण त्यात माझंही एक जुनं दुखणं निघालं.

प्रश्न : सर, मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. आता पिंपळे सौदागरला राहतो. २००५ साली इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, फायनलमध्ये तीन गोल खाऊनही इंग्लंडच्या लिव्हरपूलनं कप नेला. त्या रात्री हॉस्टेलवर जो या क्लबला चिकटलो तो आजतागायत. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याचा देव म्हणजे ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड. नवव्या वाढदिवसाला त्याला ६६ नंबरचा शर्ट घेतला होता, वाढत्या अंगाचा, म्हणून अजून होतो. मे २०२५ मध्ये ट्रेंटनं क्लब सोडत असल्याचं जाहीर केलं आणि तो स्पेनच्या रेआल माद्रिदला गेला, तेही फुकटात. नोव्हेंबरमध्ये तो माद्रिदकडून खेळायला लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, ॲनफील्डला आला तेव्हा आम्ही बापलेक रात्री दीडला उठून बसलो. शेवटच्या दहा मिनिटांत तो मैदानात उतरला, अख्खं स्टेडियम हुर्यो उडवत होतं आणि माझा मुलगा टीव्हीसमोर उभा राहून शिट्ट्या मारत होता. सकाळी खालच्या मजल्यावरच्या आजी काय झालं म्हणून विचारायला आल्या. त्या दिवसापासून तो शर्ट सायकल पुसायला आहे. बायको म्हणते, कोण कुठला पोरगा, त्यानं नोकरी बदलली, तुम्ही दोघं सुतक कशाला पाळताय? मला उत्तर देता आलं नाही. आमचा राग चुकीचा आहे का? आणि शर्टाचं काय करू?

उत्तर : वहिनींचा प्रश्न तुमच्यापेक्षा सरस आहे, म्हणून आधी तो घेतो. वहिनी, पोरानं नोकरी बदलली हे खरंच. पण तुमच्या सोसायटीतल्या एखाद्यानं नोकरी बदलली तर कुणी दीड वाजता उठून शिट्ट्या मारत नाही. मग इथं एवढं का लागलं?

ट्रेंट वेस्ट डर्बीचा. लिव्हरपूल शहराचाच हा भाग, आणि मेलवुड हे क्लबचं जुनं सरावाचं मैदानही तिथंच. सहाव्या वर्षी तो अकॅडमीत आला, अठराव्या वर्षी मोठ्या संघातून खेळला. ६६ हा काही मानाचा नंबर नव्हे. खालून वर आलेल्या पोराच्या हातात जो शर्ट पडतो तो हा नंबर. मोठा झाल्यावर तो बदलून घेता आला असता, त्यानं घेतला नाही. २०१९ ची बार्सिलोनाची मॅच तुमच्या मुलाला आठवत नसेल, लहान होता तो. चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, दोन सामन्यांचे गोल एकत्र मोजायचे. तिकडच्या सामन्यात बार्सिलोनानं तीन गोल चढवलेले. ॲनफील्डला लिव्हरपूलनं ते तिन्ही फेडले. ७९ वं मिनिट. कॉर्नर मिळाला. ट्रेंट बॉलपासून बाजूला चालायला लागला, जसा काही दुसराच कुणी मारणार आहे. बार्सिलोनाचे गडी पाठ करून आपापली जागा शोधतायत. आणि हा एकदम वळला आणि मारला. ओरिगीनं आत ढकलला, चार-शून्य. आपल्याकडं रात्रीचे दोन वाजून गेले होते. मी पाणी प्यायला उठलो होतो, तो गोल मला रिप्लेत बघावा लागला, याचं शल्य मरेपर्यंत राहणार. वीस वर्षांचं पोर ते. असली चलाखी कोचिंगमध्ये शिकवत नाहीत, ती गल्लीतच येते.

त्यानंतर महिन्याभरात चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर तो म्हणाला होता की मी लिव्हरपूलचा एक साधा पोरगा, माझं स्वप्न खरं झालं. ॲनफील्डजवळच्या एका घराच्या भिंतीवर त्याचं चित्र काढून खाली तेच वाक्य लिहिलं. नोव्हेंबरात माद्रिदची मॅच आली तेव्हा त्याच चित्रावर लोकांनी पांढरा रंग फेकला.

आता २०२५ बघा. तिघांचे करार एकदमच संपत होते: सलाह, व्हॅन डाइक आणि ट्रेंट. इजिप्तच्या खेड्यातला गडी राहिला, हॉलंडचा गडी राहिला, दोघांच्या सह्या एप्रिलमध्ये झाल्या. मेलवुडच्या अंगणात वाढलेला तेवढा गेला. २७ एप्रिलला टॉटनहॅमला पाच-एकनं हरवून इंग्लंडची लीग जिंकली. (लिव्हरपूलचा जुना कॅप्टन जेरार्डचा ऐन मॅचमध्ये पाय घसरला आणि लीग हातची गेली ती तारीखही २७ एप्रिल, साल २०१४. असल्या गोष्टी माझ्या डोक्यात का राहतात, माहीत नाही.) आठ दिवसांनी, ५ मे रोजी, ट्रेंटनं सांगून टाकलं. ११ मे रोजी आर्सेनलविरुद्ध बदली म्हणून उतरला तर घरच्याच लोकांनी हुर्यो केली. २५ मे रोजी शेवटच्या सामन्यात त्याच स्टेडियमनं टाळ्या वाजवल्या. दोन आठवड्यांत एवढा फरक. लग्नघरातल्या रुसव्यासारखं आहे हे. हळदीला बोलायचं नाही आणि पाठवणीला गळ्यात पडायचं.

पण मला विचाराल तर खरं मीठ जूनमध्ये चोळलं गेलं. माद्रिदच्या मंचावर उभा राहून हा बाबा स्पॅनिशमध्ये भाषण करतो. बरं बोलला, अडखळला नाही. आता भाषा काही पंधरा दिवसांत येत नाही. मग लेका, तू शिकायला बसलास कधी? आम्ही गॅलरीत तुझं नाव घेत होतो तेव्हा तू क्रियापदं पाठ करत होतास? तुमच्या मुलाला राग आलाय तो बहुतेक याचा. सोडून गेला याचं दुःख असतं. मनानं आधीच गेला होता आणि आपल्याला कळू दिलं नाही, हे कळलं की राग येतो.

'फुकटात' याबद्दल थोडं. १९९५ च्या आधी युरोपात करार संपला तरी खेळाडू सुटत नसे, नवा क्लब पैसे मोजेपर्यंत जुना क्लब त्याला धरून ठेवू शकत होता. झाँ-मार्क बॉसमन नावाचा बेल्जियमचा एक साधा खेळाडू. त्याच्या क्लबनं त्याचा पगार कापला, सोडलंही नाही. तो कोर्टात गेला आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपियन कोर्टानं निकाल दिला की करार संपला, खेळाडू मोकळा. बॉसमनच्या स्वतःच्या आयुष्याची त्यात धूळधाण झाली, फायदा मागून येणाऱ्यांनी घेतला. लिव्हरपूलचाच मॅकमॅनमन १९९९ मध्ये याच वाटेनं माद्रिदला गेला आणि पुढच्याच वर्षी चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये गोल मारून मोकळा झाला. ट्रेंटच्या बाबतीत अगदी फुकटही नाही. जूनमधल्या क्लब वर्ल्ड कपसाठी माद्रिदला तो महिनाभर आधी हवा होता, त्यासाठी त्यांनी साधारण एक कोटी युरो दिल्याच्या बातम्या होत्या. करार दोन वर्षं शिल्लक असता तर याच्या कित्येक पट मिळाले असते. म्हणून लोक म्हणतात, जायचं तर जा, पण घरात चार पैसे टाकून जा.

हे ऐकायला रास्त वाटतं. पण आता उलटी बाजू बघा, कारण ती गॅलरीतून दिसत नाही. क्लबच्या वहीत विकत आणलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर वाटून लिहितात. अकॅडमीतल्या पोराची किंमत वहीत शून्य. म्हणजे त्याला विकला तर येईल तो सगळा नफा. खर्चावर मर्यादा घालणारे नियम आल्यापासून इंग्लंडातल्या क्लबांना घरचीच पोरं विकायचा मोह व्हायला लागला. कॉनर गॅलगर लहानपणापासून चेल्सीचा. एक अख्खा हंगाम बऱ्याच सामन्यांत कॅप्टन होता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याला माद्रिदच्याच दुसऱ्या क्लबला, अॅटलेटिकोला, विकला. मॅकटॉमिने मँचेस्टर युनायटेडमध्ये शेंबडा असल्यापासून होता. त्याच महिन्यात तो नापोलीला विकला गेला, आणि पुढच्या मे महिन्यात नापोलीनं लीग जिंकली. या पोरांना कुणी विचारलं नव्हतं, बाबा रे तुझी निष्ठा आहे का. क्लबनं विकलं की त्याला 'व्यवहार' म्हणायचं आणि पोरगा गेला की 'गद्दारी'. दोन मापं झाली ही.

तुम्ही पेठेतले, म्हणून आता मोकळेपणानं लिहितो.

१९८३ ची गोष्ट. मी एकवीस वर्षांचा, आमच्या तालमीच्या फुटबॉल संघातला हाफ, म्हणजे मधल्या फळीतला. तालमीची नावं लिहीत नाही, कारण दोन्ही अजून शाहू स्टेडियमवर खेळतायत आणि मला अजून गंगावेशीतून जायचं असतं. त्या वेळी पैसे नव्हतेच. मॅच जिंकली तर मिसळ, हरली तर शिव्या. माझ्या वडिलांची गिरणीतली नोकरी गेलेली. समोरच्या पेठेतल्या एका कार्यकर्त्यानं शब्द टाकला: पोरगा आमच्याकडून खेळू दे, पतसंस्थेत चिकटवतो. केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) नोंदणी सुरू होती. मी फॉर्मवर सही केली आणि घरी येऊन जेवलोसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे दूध कट्ट्यावर गेलो. म्हशीचं दूध काढणारा गडी आमच्याच तालमीचा. रोज तो फेसाळता पेला हातात द्यायचा, वर दोन शब्द बोलायचा, 'पी भावा, तंगडीत जोर येऊ दे.' त्या दिवशी त्यानं पेला कट्ट्यावर ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं तोंड केलं. बोलला काही नाही, पैसेही घेतले. तो पेला मला अजून दिसतो. फेस खाली बसेपर्यंत मी उचलला नव्हता.

मग जानेवारीत दोन्ही संघ समोरासमोर आले. पहिलाच थ्रो माझ्या वाट्याला, तोही नेमका आमच्या पेठेची पोरं बसायची त्या बाजूला. 'गद्दार' हा शब्द हजारभर तोंडांतून एका वेळी आला तर कसा लागतो, ते सांगता येत नाही. पण मी थबकलो तो त्यानं नव्हे. त्या गलक्यात एक शिट्टी वेगळी होती. दोन बोटं दुमडून मारलेली, शेवटाला वर चढणारी. ती माझ्या चुलत्याची. त्यानंच मला तसली शिट्टी मारायला शिकवलं होतं, मला ती शेवटपर्यंत जमली नाही.

आम्ही एकाच घरात राहायचो. रात्री एका पंगतीला बसलो. चुलता मान वर करेना, आईनं त्याला दोनदा विचारलं भात वाढू का, तरी गप्प. ताटात हात धुवून उठताना म्हणाला, "दुसऱ्या हाफात तो बॉल डावीकडं द्यायचा होता. रिकामा होता तो." आणि बाहेर निघून गेला.

म्हणजे शिट्टी मारत होता तरी नजर माझ्यावरच होती.

हेही सांगतो, त्यानंतर तीन वर्षांनी माझ्या जुन्या तालमीतला माझा जोडीदार, जो कुठं गेला नव्हता, पेठेशी इमान राखून राहिला होता, त्याचा गुडघा गेला. ऑपरेशनला पैसे जमवायला तालमीत वही फिरली, ती दुसऱ्या पानापर्यंतही गेली नाही. पुढच्या हंगामात त्याच्या जागी नवा पोरगा, आणि गॅलरी त्याच्या नावानं ओरडायला लागली. मी पतसंस्थेतून रिटायर झालो. तो आयुष्यभर रिक्षा चालवत राहिला. आज मला कुणी म्हटलं ट्रेंटनं राहायला हवं होतं, तर मला त्या वहीची आठवण होते.

तेव्हा तुमच्या मुलाचा राग चुकीचा नाही. तेराव्या वर्षी राग यायलाच पाहिजे, आला नाही तर काळजी करा. चाळिशीतल्या बापाला आला तरी हरकत नाही, फक्त तो 'यानं आपल्याला फसवलं' इथपर्यंत नेऊ नका. त्यानं वीस वर्षं दिली, ३५४ सामने दिले, दोन लीगा आणि एक चॅम्पियन्स लीग दिली. हिशेब करायचाच तर तो क्लबकडं त्याच्या बाजूनं फिटलेला आहे. तुमचा हिशेब वेगळा, तो फिटत नाही, कारण तुमचा करार कधी संपतच नाही. मुलाला वेन रूनीची गोष्ट सांगा. एव्हर्टनचा, म्हणजे लिव्हरपूल शहरातल्याच निळ्या शर्टाच्या दुसऱ्या क्लबचा पोरगा, शर्टाखालच्या बनियनवर 'एकदा निळा तो कायमचा निळा' असं लिहून दाखवलं, आणि २००४ मध्ये अठराव्या वर्षी मँचेस्टर युनायटेडला गेला. तेरा वर्षांनी परत एव्हर्टनला आला तेव्हा त्याच लोकांनी त्याला घेतलं. जेरार्डनं तर २००५ मध्ये चेल्सीला जायचं म्हणून अर्ज दिला होता, लोकांनी त्याचे शर्ट जाळले, आणि दुसऱ्या दिवशी तो राहिला. जाळलेल्या शर्टांचं काय झालं, कुणाला माहीत. मला वाटतं, बऱ्याच जणांनी गुपचूप नवे घेतले असतील.

राहता राहिला शर्ट. सायकल पुसायला पॉलिएस्टर अगदी कुचकामी, तेल टिपतच नाही. जुनी सुती बनियन घ्या. शर्ट धुवा, आत-बाहेर उलटा करून वाळत घाला म्हणजे नंबर सुटणार नाही, आणि कपाटात वरच्या फळीवर टाका. मुलाला विचारू नका.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा, गोलकीपर. आमच्या भागातल्या मंडळानं त्याला पाचवीपासून खेळवलं, बूट घेऊन दिले. आता बाहेरगावच्या निवासी अकॅडमीत निवड झालीय. मंडळातली मोठी माणसं म्हणतात, घडवला आम्ही आणि फळं खाणार दुसरेच. मुलगा रडतो, मी काय करू? (एक आई, इचलकरंजी)

उत्तर : ताई, पाठवा. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपात भारताकडून खेळला. पेठेत बसून राहिला असता तर खेळला नसता, एवढं सगळ्या तालमींना माहीत आहे.

पण मंडळाचं म्हणणंही उडवून लावू नका. त्यांच्या कामाची किंमत कागदावरही आहे. खेळाडू करारात असताना पैसे घेऊन एका देशातून दुसऱ्या देशात गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षांपर्यंत ज्या-ज्या क्लबांनी घडवलं त्यांच्यात वाटायचे, असा फिफाचा नियम आहे. आपली पोरं तिथवर क्वचित पोचतात ही गोष्ट वेगळी. तरी मंडळाच्या सेक्रेटरींना सांगा, मुलाची आजवरची नोंदणी नीट आहे का बघा. निम्म्या मंडळांची नोंदणी वहीतच राहते, आणि मग 'आम्ही घडवला' हे सिद्ध करायला गणपतीतल्या ग्रुप फोटोशिवाय काही नसतं.

अकॅडमीच्या कागदावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. दुखापत झाली तर खर्च कुणाचा, दहावीची शाळा कुठली, आणि वर्षभरानं नको म्हणाले तर कळवणार किती दिवस आधी. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण खोकतात. खोकू द्या, उत्तर लेखी घ्या. आणि निघायच्या आदल्या दिवशी मुलाला पेढ्याचा पुडा घेऊन एकट्यालाच मंडळात पाठवा, तुम्ही जाऊ नका. एखादा म्हातारा तोंड फिरवेल. मुलानं पुडा ठेवून पाया पडून यावं. ज्यानं बूट घेऊन दिले तो फिरून बघतोच.

प्रश्न : तुमच्याकडं खेळाडू जातात. आमचा क्लबच गेला. आम्ही कुणाला शिट्ट्या मारायच्या? (मडगाव)

उत्तर : पत्र एवढंच होतं, नाव नव्हतं, त्यामुळं कुठल्या क्लबचे ते कळलं नाही. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग अशा गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशाची लीग, सोडली, तेव्हा मी मित्राला म्हटलं होतं, हे म्हणजे देवळातून मूर्तीच उठून गेल्यासारखं झालं. पाच वेळा देशाची लीग जिंकलेला धेंपोसारखा क्लब. फ्रँचाइजींच्या नव्या लीगला वरचं पान वाढलं, जुन्यांना पंगतीच्या टोकाला बसवलं, ते उठले. त्यांचंही काही चुकलं असं मला म्हणवत नाही. गॅलरीतल्या माणसाला मात्र कुणी विचारलं नाही. तो नव्या संघाचा शर्ट घालून बसला तरी तोंडात जुनंच नाव येतं. तुमच्या मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर माझ्या शेजारी बसलेल्या एका काकांचं तसं झालेलं मी ऐकलंय, दोनदा.

कुणाला शिट्टी मारायची, ते मला नाही सांगता येत. पुढच्या खेपेला मॅचला येईन तेव्हा पूर्वेच्या बाजूला बसतो, या. चणे माझ्याकडून.